दुर्मीळ गाठ आणि तिचे नाव

अन्ननलिकेतील दुर्मीळ गाठ काढल्याची बातमी देशातील कोणत्या ना कोणत्या शहरातून अधूनमधून येत असते. तिचा साचा ठरलेला आहे. गाठ किती सेंटिमीटरची होती, शस्त्रक्रिया किती तास चालली, रुग्ण किती महिने नुसत्या पातळ आहारावर होता आणि अशी शस्त्रक्रिया त्या जिल्ह्यात वा राज्यात पहिलीच कशी, एवढे सांगून बातमी संपते. ती गाठ नेमकी कोणत्या पेशींची होती, शस्त्रक्रियेपूर्वी ते ठाऊक होते काय, आणि ठाऊक असल्यास कशावरून, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. वास्तविक वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, आणि कुतूहलाने वाचणाऱ्या कोणाही वाचकाने, त्या बातमीत प्रथम शोधायचे ते हेच. कारण या गाठींच्या बाबतीत रुग्णाचे पुढचे सारे आयुष्य गाठीच्या आकारापेक्षा तिच्या नावावर अधिक अवलंबून असते, आणि ते नाव चाकू हाती घेण्यापूर्वी कळणे आज शक्य आहे.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. आतून श्लेष्मल पटलाचे अस्तर, त्याखाली सैल ऊतींचा थर, आणि त्याभोवती स्नायूंचे दोन थर, आतला वर्तुळाकार व बाहेरचा उभा. जठराला किंवा आतड्याला जसे बाहेरून चिवट आवरण असते तसे या नळीला नाही, ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या संदर्भात पुढे महत्त्वाची ठरते. भारतात अन्ननलिकेच्या ज्या गाठीशी डॉक्टरांची नित्य गाठ पडते ती अस्तरातून उगवणारी, म्हणजे कर्करोगाची. काश्मीर, आसाम आणि विशेषतः मेघालय येथे तिचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळते. तंबाखू, सुपारी, मद्य, अतिउष्ण पेये ही तिची परिचित कारणे. या पार्श्वभूमीवर, अस्तर शाबूत ठेवून स्नायूंच्या थरात वाढणारी गाठ ही अगदीच वेगळी वस्तू होय. तिच्यात सर्वाधिक आढळणारी म्हणजे लायोमायोमा, अरेखित स्नायूंची सौम्य गाठ. अन्ननलिकेच्या सौम्य गाठींमध्ये तिचा वाटा निम्म्याहून अधिक. परंतु अन्ननलिकेच्या सर्व गाठी एकत्र मोजल्या तर सौम्य गाठींचे एकूण प्रमाणच शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. अन्ननलिकेच्या वरच्या तिसऱ्या भागातील स्नायू रेखित असल्यामुळे ही गाठ तेथे क्वचितच होते. मधल्या आणि खालच्या भागात ती आढळते. वीस ते पन्नास हे तिचे वय, पुरुषांत प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट, वाढ अत्यंत संथ. तिचे रूपांतर कर्करोगात होणे इतके विरळ आहे की त्या भीतीपोटी कोणाची अन्ननलिका काढण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पुष्कळ रुग्णांना ती असल्याचे कळतही नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ती दिसते, किंवा आम्लपित्तासाठी केलेल्या एंडोस्कोपीत अस्तराखाली एक गुळगुळीत उंचवटा आढळतो. साधारणतः पाच सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर घास अडकू लागतो, छातीच्या मध्यभागी दडपण जाणवते. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. घास अडकणे हे लक्षण आपल्या देशात सौम्य मानून चालणार नाही. चाळिशीपुढील, तंबाखू खाणाऱ्या माणसाला घास अडकू लागला तर त्याची एंडोस्कोपी त्याच आठवड्यात व्हावी. दुर्मीळ गाठींच्या चर्चेने ही प्राथमिक घाई मंदावता कामा नये.

एंडोस्कोपीत मात्र या गाठींची पहिली फसवणूक घडते. दुर्बिणीतून दिसते ते अस्तर, आणि अस्तर तर निरोगी असते. गाठीवरून ते सहज सरकते. अशा उंचवट्याचा चिमट्याने तुकडा काढला की प्रयोगशाळेचा अहवाल येतो, ‘श्लेष्मल पटल सामान्य’. अहवाल खरा असतो, पण तो प्रश्नाचे उत्तर नसतो. चिमटा गाठीपर्यंत पोहोचलेलाच नसतो. काही रुग्ण हा कागद घेऊन निर्धास्त घरी जातात, काहींची बायोप्सी पुन्हा पुन्हा होते, आणि दोन्ही गोष्टी घातुक आहेत. वारंवार घेतलेल्या तुकड्यांमुळे अस्तर आणि गाठ यांच्यामध्ये व्रण भरून येतो व दोन्ही एकमेकांना चिकटतात. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला जो थर अलगद सोडवायचा असतो तो तेथे उरतच नाही, आणि अस्तर फाटण्याचा संभव वाढतो. म्हणूनच, लायोमायोमाची शंका असता साध्या चिमट्याने बायोप्सी करू नये, हा धडा शल्यचिकित्सेत जुना आहे.

‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ हा आपल्या समाजातील घट्ट समज या धड्याशी जोडला जाण्याची शक्यता आहे, म्हणून दोहोंतील भेद स्पष्ट केला पाहिजे. त्या समजापायी स्तनातील किंवा मानेतील गाठ घेऊन माणसे वर्ष वर्ष काढतात आणि उपचारांची वेळ टळून जाते. तेथे बायोप्सी टाळणे ही चूक होय. येथे बायोप्सी टाळायची नसून तिचा मार्ग आणि वेळ निवडायची आहे.

तो मार्ग म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. दुर्बिणीच्या टोकाशीच ध्वनिलहरींचे यंत्र असते आणि ते अन्ननलिकेच्या भिंतीचे थर एकामागून एक दाखवते. लायोमायोमा बहुधा चौथ्या थरात, मुख्य स्नायुथरात, काळपट, एकजिनसी आणि रेखीव कडांची दिसते. क्वचित ती दुसऱ्या थरातील पातळ स्नायूंतून निघते. नुसत्या सीटी स्कॅनवर एक करडा गोळा दिसतो. येथे तो गोळा कोणत्या थराचे अपत्य आहे ते कळते. ज्यांना महागड्या तपासणीचा अधिक भरवसा वाटतो त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पेट स्कॅनमध्ये सौम्य लायोमायोमाही कधी कधी झळकते, आणि त्या झळकण्यावरून कर्करोगाचे निदान केल्यास अनर्थ ओढवतो.

भारतात या तपासणीचे आणखी एक मोल आहे, जे परदेशी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर फारसे ठळकपणे येत नाही. श्वासनलिका जेथे दुभंगते त्याखालच्या लसिका ग्रंथी क्षयरोगाने सुजल्या की त्या अन्ननलिकेवर बाहेरून दाब देतात. एंडोस्कोपीत दिसतो तो तसाच, निरोगी अस्तराखालचा उंचवटा. क्षयाचे एवढे ओझे वाहणाऱ्या देशात असा उंचवटा पाहताच गाठीचे निदान करणे धाडसाचे आहे. अल्ट्रासाउंड दाखवते की सूज भिंतीच्या बाहेर आहे. सुईने घेतलेल्या नमुन्यात क्षयाच्या खुणा सापडतात. आणि ज्या रुग्णाची छाती उघडली जाणार होती तो काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. याच्या उलट बाजूला, उजव्या हाताकडे जाणारी रोहिणी जन्मतः वाट चुकून अन्ननलिकेच्या मागून जाते आणि तिचाही उंचवटा दिसतो. त्यावर चिमटा चालवण्याचे परिणाम विद्यार्थ्यांनी मनातच आणावेत.

प्रत्येक लहान गाठीला सुई हवीच असे नाही. दोन सेंटिमीटरहून लहान, त्रास न देणारी, लायोमायोमाची सर्व लक्षणे दाखवणारी गाठ नुसती नजरेखाली ठेवता येते. परंतु गाठ मोठी असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, आत पोकळ्या दिसत असतील किंवा ती वेगाने वाढत असेल, तर अल्ट्रासाउंडच्या देखरेखीखाली जाड सुईने पेशीसमूह घेणे इष्ट. कारण तेव्हा प्रश्न उभा राहतो तो लायोमायोमाच्या फसव्या जुळ्या भावंडाचा.

त्या भावंडाचे नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, संक्षेपाने जिस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत चातीच्या आकाराच्या लांबट पेशींचे पुंजके दिसतात, आणि केवळ नेहमीच्या रंगद्रव्यांवर विसंबून दोहोंत फरक करणे अवघड असते. 1998 पूर्वी पचनमार्गातील अनेक जिस्ट याच कारणाने लायोमायोमा किंवा तिचे घातक रूप म्हणून नोंदले गेले. त्या वर्षी जपानमधील हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या गाठींत किट नावाच्या जनुकात बदल घडलेला असतो आणि त्यामुळे पेशीला वाढीचा आदेश अखंड मिळत राहतो. निदानाचे साधन त्यातूनच मिळाले. पेशींवर सीडी 117 आणि डॉग 1 ही प्रथिने असतील तर जिस्ट. ती नसून डेस्मिन आणि स्नायूंचे ॲक्टिन असेल तर लायोमायोमा. एस 100 असेल तर चेतातंतूंच्या आवरणाची गाठ किंवा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. चार-पाच रंगांच्या या चाचणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. जठरात लायोमायोमापेक्षा जिस्ट कितीतरी अधिक. अन्ननलिकेत हे प्रमाण नेमके उलटे आहे. म्हणून जठराच्या अनुभवावरून अन्ननलिकेचे अनुमान काढले की चूक होते, आणि अन्ननलिकेतील ‘बहुधा लायोमायोमाच असणार’ या सवयीने क्वचित येणारा जिस्ट हातून निसटतो.

निसटल्याने काय बिघडते? जिस्ट यकृतात व उदरपोकळीत पसरू शकतो, कधी कधी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी. गाठीचे वेष्टन फुटले तर तो परत येण्याचा धोका फार वाढतो, त्यामुळे ती सोलताना फुटली तरी चालेल अशी गोष्ट नसते. त्याचा आकार, त्यातील पेशीविभाजनाची गणना आणि त्याची जागा यांवरून धोका ठरतो, आणि धोका अधिक असल्यास शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे इमॅटिनिब हे औषध द्यावे लागते. शिवाय मोठा जिस्ट आधीच ओळखला गेला तर हेच औषध काही महिने देऊन तो आकसवता येतो, आणि जेथे सबंध अन्ननलिका काढावी लागली असती तेथे लहान शस्त्रक्रियेवर निभावते. लायोमायोमाला या औषधाचा काडीचाही उपयोग नाही.

या औषधाची भारतीय कहाणी विज्ञानाच्या वाचकाला ठाऊक असावी. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या विशिष्ट स्फटिकरूपावरील नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा पेटंट कायद्याच्या कलम 3(डी) खाली फेटाळला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या वर सांगितला जाई. भारतीय कंपन्यांचे जेनेरिक औषध आठ-दहा हजारांच्या घरात होते. त्या निकालाची चर्चा रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात झाली, आणि ते साहजिकच होते. रुग्णांची संख्या तिकडे मोठी. परंतु जिस्टच्या रुग्णालाही त्याच निकालाने आधार दिला. विसंगती ही, की औषध आवाक्यात आणण्यासाठी देशाने एवढी मोठी लढाई लढवली आणि ते औषध कोणाला द्यायचे हे सांगणारी रंगद्रव्यांची चाचणी मात्र पुष्कळ जिल्ह्यांच्या ठिकाणी आजही होत नाही. नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि तो पाठवण्याचे ठरवणारा माणूस आधी हवा.

शस्त्रक्रियेचा इतिहास 1930च्या दशकापर्यंत मागे जातो. तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही: गाठ सोलून काढायची, नळी राखायची. सोलीव वाटाणा शेंगेतून काढावा तशी ही गाठ निघते असे वर्णन विद्यार्थ्यांना आवडते. प्रत्यक्षात ती कधी नाल्याच्या आकाराची, अन्ननलिकेला अर्धा वेढा घालून बसलेली असते. मधल्या भागातील गाठीसाठी छातीच्या उजव्या बाजूने शिरतात, कारण डावीकडे महारोहिणी आड येते. आवश्यक तर अझायगस शीर बांधून तोडतात. अन्ननलिकेवरून उतरणारी व्हेगस चेता बाजूला जपून ठेवतात. तिला इजा झाली तर जठर रिकामे होण्याची क्रिया बिघडते. बाहेरचे उभे स्नायू त्यांच्या तंतूंच्या दिशेनेच विलग करतात, आडवे कापत नाहीत. पांढरट, रबरासारखी चिवट गाठ दिसू लागली की तिच्यातून एक टाका घेऊन ती हलकेच वर ओढतात व खालच्या अस्तरापासून सोडवत नेतात; जिस्टची शंका असेल तर मात्र असा टाका गाठीतून घेणे वर्ज्य. गाठ बाहेर आल्यावर त्या जागी अस्तराचा पातळ, जवळजवळ पारदर्शक पडदा तेवढा उरतो. मग छातीत सलाइन भरून तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतून हवा सोडतात. बुडबुडा आला तर पडदा कोठेतरी फाटला आहे. हा बुडबुडा तेव्हाच दिसला तर दोन टाक्यांचे काम. तो नजरेतून सुटला तर लाळ आणि अन्न दोन फुप्फुसांमधील जागेत झिरपते, आणि बाह्य आवरण नसलेल्या या नळीला त्या संसर्गापासून काहीच संरक्षण नसते. शेवटी स्नायू पुन्हा जुळवतात, अन्यथा त्या कमकुवत जागी अस्तराचा फुगा बाहेर येतो.

1990च्या दशकाच्या आरंभापासून हेच काम छातीत लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने होऊ लागले. बरगड्या फाकवण्याच्या वेदना टळल्या, रुग्ण लवकर चालू-फिरू लागला. खालच्या टोकाशी असलेल्या गाठीसाठी पोटातूनही जाता येते. याच्या तुलनेत अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया ही सर्वस्वी निराळ्या तोलाची आहे. जठराची नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत ओढून जोडावी लागते. जोड गळण्याचा धोका, न्यूमोनियाचा धोका, आणि अनुभवी केंद्रांतही काही टक्के मृत्यू. जो वाचतो त्याला पुढे थोडे थोडे खावे लागते, उशाशी उंची ठेवून झोपावे लागते, जेवल्यावर घेरी सांभाळावी लागते. कर्करोगासाठी हे मोल द्यावेच लागते. पस्तिशीतल्या माणसाला चार सेंटिमीटरच्या सौम्य गाठीसाठी ते द्यावे लागले, तर शस्त्रक्रिया कितीही कौशल्याने पार पडली असली तरी निर्णय चुकलेलाच होता. गाठ फार मोठी असेल, नळीला पूर्ण वेढून बसली असेल किंवा घातक ठरली असेल, तेव्हाच हा पर्याय उरतो.

अलीकडे तिसरा मार्ग खुला झाला आहे. जपानच्या इनोउए यांनी अकॅलेशिया या आजारासाठी अन्ननलिकेच्या भिंतीतच बोगदा खणण्याची पद्धत रूढ केली. त्याच बोगद्यातून गाठ काढण्याचे तंत्र चीन आणि जपानमधील तज्ज्ञांनी 2012च्या सुमारास मांडले. गाठीच्या काही सेंटिमीटर वर अस्तराला लहान छेद, अस्तर व स्नायू यांमधून दुर्बीण पुढे, गाठ सोडवून त्याच वाटेने बाहेर, आणि तोंडाशी क्लिपा. शरीरावर एकही व्रण नाही. भारतात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीसारख्या केंद्रांनी अकॅलेशियासाठी या बोगद्याच्या पद्धतीत मोठा अनुभव मिळवला आहे, त्यामुळे हे तंत्र येथे परके नाही. तरीही त्याविषयीच्या उत्साहाला एक आवर हवा. साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ बोगद्यातून अखंड निघते. त्याहून मोठी असेल तर तुकडे करण्याचा मोह होतो, आणि ती जिस्ट निघाली तर तोच मोह महागात पडतो. शिवाय तंत्र सोपे झाले की ज्या लहानशा, निरुपद्रवी गाठींना हात लावण्याचे कारण नव्हते त्याही काढल्या जाऊ लागतात. ‘चीर नाही’ हे शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. शस्त्रक्रियेची गरज त्यावरून सिद्ध होत नाही.

निदान मागे आणि शस्त्रक्रिया पुढे, हा क्रम केवळ बातमीदारांनी लावलेला नाही. पैशाची व्यवस्थाही त्याच दिशेने झुकलेली आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि त्या योजनेने असंख्य घरे कर्जातून वाचवली हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिची रचना रुग्णालयातील भरतीभोवती आहे; भरतीपूर्वीचे तीन दिवस तिच्यात येतात, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या येत नाहीत. अन्ननलिकेत उंचवटा दिसलेल्या माणसाला सर्वांत आधी हवी असते ती एक अल्ट्रासाउंड तपासणी, आणि कदाचित तिच्या निष्कर्षावरून, ‘काही करू नका, वर्षाने पुन्हा या’ असा सल्ला. त्या सल्ल्याला कोणतेही पॅकेज नाही. छाती उघडण्याला आहे. अशा व्यवस्थेत कोणीही अप्रामाणिक नसतानासुद्धा तराजू एका बाजूला झुकतो.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातील शेकडो संस्था आहेत, आणि अवघड रुग्णांची चर्चा तेथे दूरदृश्य बैठकींतून होते. अस्तराखालच्या गाठी सौम्य असल्या तरी त्या चर्चेत याव्यात, विशेषतः अन्ननलिका काढण्याचा विचार होत असेल तेव्हा. दुसरी गोष्ट नोंदीची. आपल्याकडे दुर्मीळ गाठ सापडली की तिच्यावर एक शोधनिबंध होतो, त्यात एक छायाचित्र असते, आणि रुग्ण सहा महिन्यांनी बरा होता एवढे वाक्य असते. पाच वर्षांनी त्याचे काय झाले हे कोठेच नसते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी प्रकल्प घातक गाठी मोजतो. सौम्य लायोमायोमा त्याच्या जाळ्यात येत नाही. 2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाचा रोख मुख्यतः आनुवंशिक आजारांकडे आहे. मोठ्या रुग्णालयांनी आपापले वीस-पंचवीस रुग्ण एका सामाईक नोंदवहीत आणले, त्यात थर, आकार, रंगद्रव्यांचे निष्कर्ष आणि पाच वर्षांचा पाठपुरावा एवढेच लिहिले, तरी भारतीय अन्ननलिकेतील या गाठींचे स्वरूप प्रथमच नीट समजेल.

आणि रुग्णाच्या हाती असलेली एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा अंश मेणाच्या लहान ठोकळ्यात जतन होतो. तो ठोकळा पुढे अनेक वर्षे तपासता येतो. नवी रंगद्रव्ये लावता येतात, जनुक तपासता येते. काम संपले की रुग्ण गाव बदलतो, फाइल हरवते, प्रयोगशाळा ठरावीक मुदतीनंतर जुने ठोकळे काढून टाकते. दहा वर्षांपूर्वी ‘लायोमायोमा’ म्हणून काढलेल्या गाठीनंतर आज यकृतावर डाग दिसला, तर सर्वांत मोलाचा पुरावा त्या ठोकळ्यातच असतो. रुग्णालयातून निघताना विकृतिशास्त्राचा अहवाल, त्यावरील नमुना क्रमांक आणि शक्य असल्यास ठोकळा मागून घ्यावा. तो मागण्यास संकोच करू नये, आणि उन्हात न ठेवता घरातल्या कागदपत्रांसोबत थंड, कोरड्या जागी ठेवावा.